कुलर बंद

सदरमधल्या त्या पोटमाळ्यावर रेकॉर्डिंग म्हणजे
आधी कुलर बंद.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
आणि काचेपलीकडे अश्वघोष टेंभुर्णे,
अजनी लोकोशेडचा फिटर,
बनियनवर, डोळे मिटून,
घामानं माईक निसटतो म्हणून
त्याला हातरुमाल गुंडाळलेला.

रेगे त्याला गड्डीगोदामात सापडला,
भाडं थकवून गेलेल्या केनियाच्या विद्यार्थ्याच्या खोलीत.
एक स्टोव्ह, एक फुटकी बादली, अकरा कॅसेटी.
घरमालकानं स्टोव्ह ठेवून घेतला.

मला म्हणाला, "भाऊ, आयका हे.
ठोका जिथं पडाले पायजे तिथं पडतच नाही.
मांगून येते, बाजूनं,
अन् मंग जागा सोडत नाही."

तबलेवाल्या गजभियेला समेवरचा हात आवरायला
दोन महिने लागले, शिव्या देत देत.
बेस गिटार नव्हतीच.
साध्या गिटारीला सायकलच्या ब्रेकची तार लावली,
ती तासातासाला उतरायची.

त्याच्या गाण्यात समुद्र नव्हता.
इथून कुठल्याही बाजूनं निघा, समुद्र लांबच.
यार्डातल्या बफरांची धडक होती,
रात्रपाळीचा गार डबा,
आणि छप्पन साली बापानं उसनी आणलेली पांढरी बंडी,
जी परत करायची राहूनच गेली.

पहिली कॅसेट. पाचशे प्रती.
इतवारीतल्या छापखान्यानं कव्हरवर नाव जुळवलं:
अशोक घोष.
प्रूफ मी तपासलं होतं.
पुढं सात वर्षं त्याला कुठून कुठून पत्रं यायची,
घोषबाबू, नमस्कार.
तो ती वाचून दाखवायचा, बंगाली हेल काढून,
आणि हसता हसता एकदम गप्प व्हायचा.
बापानं ते नाव एका पुस्तकातून
बोट ठेवून ठेवून शोधलं होतं.

दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेर चादर अंथरून बसलो,
एकीकडे पुस्तकवाला, दुसरीकडे मूर्तीवाला.
त्रेचाळीस विकल्या गेल्या.
गोंदियाकडची एक म्हातारी स्पीकरपाशी उकिडवी बसली,
अख्खी बाजू ऐकली,
"गाणं लंगडते ना रे बाप्पा तुयं," म्हणाली,
आणि दोन घेतल्या. एक जावयाला.

दुसरीचं नाव त्यानं ठेवलं 'लंगडं गाणं'.
तिच्या किती विकल्या, मला आठवत नाही.
म्हणजे आठवतं.

तिसरीच्या वेळी तोंड दोन बोटंही उघडेना.
खर्रा. दिवसाला सहा पन्न्या, पंचवीस वर्षं.
आधी 'ळ' गेला, मग 'ट',
मग त्यानं शब्दच सोडून दिले.
चार गाणी नुसत्या हुंकारावर,
ओठ मिटलेले, मान डोलतेय,
आणि गजभिये, ज्याला कधी हात आवरता आला नव्हता,
तो इतका हळू वाजवत होता
की मला सुया हलताना दिसायच्या, ऐकू काही यायचं नाही.
कुलर बंद होता. मला घाम आला नाही.

मेडिकलमध्ये गेला तो, पोळ्याच्या आदल्या दिवशी.

आता हे सांगतो.
महापालिकेची निवडणूक आली.
रीळ महाग, उधारी डोक्यावर, पोरीची फी.
वॉर्डातल्या एका उमेदवाराचा प्रचार
मी त्याच रिळावर भरला.
निशाणी शिलाई मशीन.
अडीचशे रुपये मिळाले.

पण पुसायचं हेड झिजलेलं होतं माझ्या मशीनचं.
एक नारा संपून दुसरा सुरू होईपर्यंत
जेवढी फट राहते,
तेवढ्यात खालून काहीतरी येतं.

परवा त्याची मुलगी आली, चारुशीला.
वर्ध्याला नर्स आहे.
बाबाचं काही आहे का काका, म्हणाली.
मी रीळ चढवलं. उठून कुलर बंद केला.
आपली निशाणी, आपली निशाणी, शिलाई मशीन.
ती माझ्याकडे बघायला लागली.

थांब, म्हटलं.